घरात जनावरं आहेत का?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

नगरहून मनमाडच्या रस्त्याने निघालं की सीना नदीच्या काठाला नागापूर लागतं. आज तिथे एमआयडीसीचा पसारा आहे, ट्रकांच्या रांगा आहेत, मोबाईलची दुकानं आहेत. पण माझ्या लहानपणी कारखान्यांच्या भिंतींच्या आडोशाने शेळ्या चरत असत, आणि त्यातल्या सहा-सात शेळ्या माझ्या खालाच्या असत. खाला म्हणजे माझी मावशी. खालू कारखान्यात पाळीवर जात आणि खाला शेळ्या सांभाळी. शेळीला गरिबाची गाय म्हणतात. खालाच्या घरी तर त्या गायीच्या दुधावर चहा होई, पोरांच्या शाळेची फी भरली जाई आणि ईदच्या आधी एखादा बोकड विकून घराचं छप्परही दुरुस्त होई.

खालाला शेळ्यांचं बाळंतपण फार चांगलं जमे. वस्तीत कुणाची शेळी अडली की रात्री-बेरात्री तिलाच बोलावणं येई. ती बाह्या सरसावून बसे, आडवं आलेलं करडू आत हात घालून सरळ करी आणि अलगद ओढून काढी. मग ओढणीच्या टोकाने त्याचं नाक-तोंड पुसे. कधी करडू श्वास घेत नसलं तर त्याच्या नाकात स्वतःच्या तोंडाने फुंकर मारी. जार पडला की तो उचलून उकिरड्यावर टाकी, हात राखेने घासून बादलीत बुचकळी आणि तशीच चुलीपुढे भाकरीला बसे.

१९९१ च्या हिवाळ्यात तिच्या दोन शेळ्या लागोपाठ गाभडल्या. पुढे महिन्याभरात खालाला ताप आला. संध्याकाळी चढायचा, रात्री घामाने अंथरूण भिजायचं, सकाळी उतरायचा. आठ-दहा दिवस बरं वाटायचं आणि पुन्हा तेच. कंबर धरली, गुडघे धरले. टायफॉईडच्या गोळ्या झाल्या, मलेरियाच्या झाल्या, क्षयाचीही शंका घेऊन झाली. दीड वर्ष हे चाललं. घरातली माणसं आधी काळजीने विचारत, मग कंटाळून, आणि शेवटी विचारीनाशीच झाली. "इसका बुखार तो रोज का है," असं कुणीतरी म्हणे आणि बाकीचे हसत. मी तेव्हा बी.ए.ला होतो, कविता लिहायला लागलो होतो. मीही हसणाऱ्यांतलाच होतो. कामाचा कंटाळा आला की बाई पडून राहते, असं माझंही मत झालं होतं.

शेवटी मोठ्या शहरातल्या एका दवाखान्यात एका वयस्कर डॉक्टरांनी कागद बाजूला ठेवले आणि विचारलं, "बाई, घरात जनावरं आहेत का?"

"शेळ्या आहेत सात."

"व्यायला झाल्या की कोण बघतं?"

"मीच की. दुसरं कोण बघणार?"

"कुठली गाभडली होती का?"

खाला माझ्याकडे बघायला लागली. शेळीच्या गाभडण्याचा तिच्या तापाशी काय संबंध, हे तिलाही कळेना आणि मलाही. डॉक्टरांनी रक्ताची एक वेगळी तपासणी सांगितली. तिच्यात रोगाचं नाव निघालं ब्रुसेलोसिस. दोन औषधं, सहा आठवडे, एकही दिवस न चुकवता. ताप गेला. कंबर मात्र पुरती सुटली नाही.

कॉलेजात इतिहास हा माझा विषय होता. लढाया, तह, सनावळ्या सगळं पाठ होतं. पण जनावरांची निगा राखणाऱ्या माणसांना जनावरांपासून काय काय झालं, आणि ते कळायला जगाला किती वेळ लागला, याचाही एक इतिहास असतो हे मला खालाच्या तापाने शिकवलं. त्यानंतर मी तो जमेल तसा वाचत गेलो. त्यातलं थोडं आज सांगतो.

सुरुवात मुंबईपासून करू. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस या गोमंतकीय डॉक्टरांनी प्लेगचे रोगी ओळखले. मांडवी म्हणजे धान्याच्या वखारी, आणि वखारी म्हणजे उंदीर. पाहता पाहता साथ पुण्याला आणि पुढे गावोगाव गेली. याच साथीत १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई फुले गेल्या. प्लेग झालेल्या मुलाला उचलून दवाखान्यात नेताना त्यांना लागण झाली. त्याच वर्षाच्या जानेवारीत वाल्डेमार हाफकिन यांनी मुंबईत तयार केलेली प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली होती. हे आपल्याला शाळेत शिकवतात. त्याच काळातली दुसरी एक गोष्ट मात्र फारशी सांगितली जात नाही.

पॅरिसच्या पाश्चर संस्थेने पॉल-लुई सिमाँ नावाच्या फ्रेंच डॉक्टराला १८९७ साली प्लेगच्या कामासाठी हिंदुस्थानात पाठवलं. त्याने एका लोकरीच्या कारखान्यातली हकिगत लिहून ठेवली आहे. एका सकाळी कामगार आले तर जमिनीवर मेलेले उंदीर पसरलेले. वीस मजुरांना ते उचलायला सांगितलं. तीन दिवसांत त्या विसांतल्या दहा जणांना प्लेग झाला. कारखान्यातल्या बाकीच्या कुणालाही झाला नाही.

सिमाँने यातून नेमका प्रश्न काढला. हवा सगळ्यांची एकच होती, पाणी एकच होतं, मग उंदीर उचलणारेच का आजारी पडले? त्याच्या लक्षात आलं की नुकताच मेलेला उंदीर हाताळणं धोक्याचं असतं; मरून बराच वेळ झालेला उंदीर तितका धोक्याचा नसतो. म्हणजे उंदराच्या अंगावरून काहीतरी निघून जात असलं पाहिजे. ते काहीतरी म्हणजे पिसू. उंदीर गार पडला की पिसवा त्याला सोडतात आणि जवळच्या ऊबदार अंगावर जातात. जून १८९८ मध्ये कराचीत त्याने काचेच्या मोठ्या बरणीत आजारी उंदीर ठेवला. तो मरायला टेकला तेव्हा जाळीच्या पिंजऱ्यात एक निरोगी उंदीर आत सोडला. दोघांचा स्पर्श होणं शक्य नव्हतं, पण पिसवांना जाळीतून जाता येत होतं. काही दिवसांत दुसराही उंदीर प्लेगने मेला.

या प्रयोगात मला सर्वांत महत्त्वाची वाटली ती एक साधी गोष्ट. सिमाँ उंदीर हाती घेण्याआधी पिशवीसकट साबणाच्या गरम पाण्यात बुडवीत असे. आधी पिसवा मारायच्या, मग हात लावायचा. प्रयोगशाळा तात्पुरती होती, साधनं तुटपुंजी होती. साबण आणि गरम पाणी एवढंच त्याचं चिलखत. ते त्या वीस मजुरांनाही देता आलं असतं. पण तोवर कुणाला माहीत नव्हतं, आणि माहीत झाल्यावरही कित्येक वर्षं मोठमोठ्या शास्त्रज्ञांनी सिमाँची टर उडवली.

त्याचं म्हणणं खरं ठरलं ते पुन्हा मुंबईतच. ग्लेन लिस्टन या अधिकाऱ्याने प्लेग, उंदीर आणि पिसवा यांचा संबंध दाखवणारा लेख १९०५ साली मुंबईत छापला. मग परळच्या प्रयोगशाळेत प्लेग संशोधन आयोगाचं काम सुरू झालं. हीच संस्था १९२५ पासून हाफकिन संस्था म्हणून ओळखली जाते. तिथे गिनीपिगांवर प्रयोग झाले. एकाचा पिंजरा पिसू शिरणार नाही अशा बारीक जाळीचा, दुसऱ्याचा उघडा. प्लेगच्या घरात उघड्या पिंजऱ्यातला मरे, जाळीतला वाचे. पिसवा पकडायला गिनीपिगांना प्लेगच्या घरांत मोकळंही सोडत. या प्राण्यांना चारा घालणारी, त्यांचे पिंजरे धुणारी, मेलेले उचलणारी माणसं रोज तिथे होतीच की! अहवालांवर डॉक्टरांची नावं आहेत.

त्याच परळमध्ये १८८३ साली दिनशा माणेकजी पेटिट यांच्या देणगीतून त्यांच्या पत्नीच्या नावाने बाई साकरबाई दिनशा पेटिट जनावरांचा दवाखाना उभा राहिला. १८८६ साली तिथेच मुंबईचं पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. मुक्या जीवांसाठी असं घर उभं राहावं ही आपल्या महाराष्ट्राला भूषण वाटावी अशीच गोष्ट. अशा इमारतींच्या दारावर दात्यांची नावं कोरलेली असतात, आत पहिल्या प्राचार्यांच्या तसबिरी असतात. चावणारं कुत्रं दाबून धरणाऱ्या, लाथा झाडणारा घोडा आवरणाऱ्या, पू भरलेली जखम धुणाऱ्या हातांची तसबीर कुठे नसते.

आता शेळ्यांकडे येतो. भूमध्य समुद्रात माल्टा नावाचं छोटं बेट आहे. एकोणिसाव्या शतकात तिथे इंग्रजांची मोठी छावणी होती, आणि छावणीतले सैनिक एका विचित्र तापाने महिनोन् महिने खाटेला खिळत. ताप लाटेसारखा चढे-उतरे. १८८७ साली डेव्हिड ब्रूस या लष्करी डॉक्टराने त्याचा जंतू शोधला. पुढे त्या जंतूला त्याच्याच नावावरून ब्रुसेला म्हणू लागले. जंतू सापडला खरा, पण तो येतो कुठून हे अठरा वर्षं कळेना. धूळ, गटारं, डास, सगळ्यांवर संशय घेऊन झाला.

त्या बेटावर गवळी शेळ्यांचा कळप घेऊन दारोदार फिरत आणि गिऱ्हाईकासमोर धार काढून देत. पाणी घातलेलं नाही याची ती खात्री! शेळ्या धडधाकट दिसत, म्हणून त्यांच्यावर कुणाचा संशयच गेला नाही. १९०५ साली थेमिस्टोक्लिस झामिट या माल्टी डॉक्टराने शेळ्यांचं रक्त तपासलं, आणि निरोगी दिसणाऱ्या शेळ्यांतच तो जंतू सापडला. दुधातही होता. त्याच वर्षी माल्टाहून साठहून अधिक शेळ्या घेऊन एक जहाज अमेरिकेकडे निघालं होतं. वाटेत खलाशांनी शेळ्यांचं कच्चं दूध मनसोक्त प्यायलं आणि त्यातले बरेच जण त्याच तापाने पडले. १९०६ मध्ये माल्टातल्या सैनिकांना शेळीचं दूध बंद केलं. छावणीतला ताप झपाट्याने ओसरला.

इथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. सैनिकांचं दूध बंद करणं सोपं होतं, हुकूम निघाला की झालं. बेटावरच्या गवळ्यांचं आणि शेळ्या राखणाऱ्यांचं काय? त्यांना शेळ्या सोडणं शक्य नव्हतं. शेळी हेच त्यांचं पोट होतं. रोग फक्त दुधातून येत नाही. तो गाभडलेल्या शेळीच्या जारेतून, पाण्यातून, रक्तातून येतो. हाताच्या बारीकशा कापातून शिरतो, डोळ्यांत उडालेल्या थेंबातून शिरतो. खालाच्या हातांना नखांपाशी नेहमी भेगा असत. शेळ्यांना काट्याकुट्यांचा पाला तोडून घालायचा म्हणजे दुसरं काय होणार?

आणि आता या इतिहासातली मला सर्वांत जवळची वाटणारी व्यक्ती. ॲलिस इव्हान्स ही अमेरिकेतल्या सरकारी दुग्धविभागात काम करणारी जंतुशास्त्रज्ञ. गायींना गाभडायला लावणारा जंतू आणि माल्टाच्या शेळ्यांचा जंतू हे जवळचे नातलग आहेत, आणि म्हणून गायीचं कच्चं दूधही माणसाला धोक्याचं असू शकतं, असं तिने १९१८ साली लिहिलं. तिच्याकडे पीएच.डी. नव्हती, आणि ती बाई होती. दूधवाले चिडले आणि नामांकित शास्त्रज्ञांनी मान हलवली. असं असतं तर आधीच कुणाच्या लक्षात आलं नसतं का, असा त्यांचा सूर.

१९२२ साली प्रयोगशाळेत काम करताना त्याच जंतूची लागण तिला स्वतःला झाली. पुढची वीसएक वर्षं ताप येत-जात राहिला. डॉक्टरांना रोगाची खूण सापडेना, तेव्हा त्यांनी तिला मज्जातंतूंची दुर्बलता ठरवून टाकली. साध्या भाषेत सांगायचं तर, बाईच्या मनाचे खेळ. ज्या रोगावर जगात तिच्याइतकं कमीच लोकांना ठाऊक होतं, त्याच रोगाबद्दल तिला सांगण्यात आलं की तुला तो नाहीच. नंतर तिचं म्हणणं इतरांच्या प्रयोगांनी खरं ठरलं. १९२८ मध्ये ती अमेरिकेच्या जंतुशास्त्रज्ञांच्या संघटनेची पहिली स्त्री अध्यक्ष झाली, आणि दूध तापवूनच विकायचं, हा तिथे नियम होत गेला.

मी हे वाचलं तेव्हा खाला हयात होती. मी नागापूरला गेलो आणि तिला ॲलिसची गोष्ट सांगितली. ती शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "मतलब, उसको भी कोई मानता नहीं था." मला त्यावर काही बोलता आलं नाही. माफी मागायची तर ती तेव्हाच मागायला हवी होती. मी नुसता तिचा हात हातात धरला.

आज नागापूरच्या आसपास शेळ्या कमी झाल्या, पण जनावरांची निगा राखणारे हात कमी झालेले नाहीत. याच रस्त्याने पुढे राहुरीला महात्मा फुले कृषी विद्यापीठ आहे. १९६८ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठात आपल्या संगमनेरी शेळीवर संशोधन झालं आहे. जिल्ह्यात तरुण मुलं शेडमध्ये शेळीपालन करतात. शहरात कुत्र्या-मांजरांचे दवाखाने निघाले आहेत, आणि तिथे कुत्रं धरायला, टेबल पुसायला दहावी-बारावी झालेली पोरं असतात. मोकाट कुत्री धरणारी माणसं असतात. खाटीक आहेत, मेंढपाळ आहेत. सुया टोचणारे पशुधन पर्यवेक्षक आहेत. गायी-म्हशींच्या कालवडी-पारड्यांना ब्रुसेलाची लस देण्याची देशव्यापी मोहीम २०१९ मध्ये सुरू झाली. ती लस जिवंत जंतूची असते. टोचणाऱ्याच्याच बोटात सुई गेली तर त्यालाच रोग होऊ शकतो. म्हणून त्याच्या हातात मोजे आणि डोळ्यांवर चष्मा हवा. तो दिला जातो का आणि घातला जातो का, हे विचारणं आपलंही काम आहे.

कुत्र्यांचीही कथा अशीच. आमच्या पिढीला कुत्रं चावलं की पोटात चौदा इंजेक्शनं, हे चांगलं आठवतं. ती लस कसौलीच्या डेव्हिड सेम्पल यांनी १९११ च्या सुमारास तयार केलेल्या पद्धतीची, मेंढीच्या मेंदूपासून बनवलेली. म्हणजे तिच्यासाठी मेंढ्यांना रेबीजची लागण करायची आणि मग त्यांचे मेंदू काढायचे. ते काम करणाऱ्यांच्या हातांना केवढी जोखीम असेल! आपल्याकडे ती लस २००४-०५ च्या सुमारास बंद झाली. आता दंडात घ्यायच्या सुरक्षित लसी आहेत, आणि रोज कुत्री हाताळणाऱ्यांना त्या चावण्याआधीच घेऊन ठेवता येतात. चावलंच तर पहिलं काम आजही तेच: साबण आणि वाहतं पाणी, पंधरा मिनिटं. मग लगेच दवाखाना.

आपल्या शेजारच्या बीड जिल्ह्यात मामला नावाचं गाव आहे. १९९४ च्या ऑगस्टमध्ये तिथे प्लेगसदृश गाठींचे रोगी निघाले. पण त्याआधीच गावकऱ्यांनी उंदीर मरताना पाहिले होते, घरात पिसवा फार झाल्याची तक्रार केली होती. शंभर वर्षांपूर्वीच्या त्या कारखान्यातली खूण त्यांनी ओळखली होती. जनावरांच्या जवळ राहणाऱ्या माणसाला पुष्कळ आधी कळतं. फक्त त्याला कुणी विचारलं पाहिजे.

म्हणून शेवटी चार साध्या गोष्टी सांगतो. शेळी व्यायला झाली की हातात रबरी मोजे घाला. गाभण बाईला त्या कामाला बसवू नका. करडाच्या नाकात तोंडाने फुंकर मारू नका, गवताच्या काडीने नाक डिवचलं तरी ते शिंकतं. जार कुत्र्यांपुढे टाकू नका. खोल खड्डा घ्या, चुना टाका, पुरा. गाभडलेली शेळी वेगळी बांधा आणि जनावरांच्या डॉक्टरांना कळवा. दूध उकळल्याशिवाय कुणाला देऊ नका. हात राखेने नव्हे, साबणाने धुवा आणि मगच भाकरीला बसा. आणि दोन आठवड्यांच्या वर ताप हटला नाही तर डॉक्टरांनी विचारायची वाट पाहू नका. आपणहून सांगा, की आमच्या घरात जनावरं आहेत.

खाला गेली त्याला काही वर्षं झाली. शेवटपर्यंत तिच्या दाराशी एक शेळी असायचीच. सोड म्हटलं तरी तिने सोडली नाही. पण गोठ्याच्या खुंटीला एक साबणाची वडी दोरीने बांधलेली असे, आणि नातवंडांपैकी कुणी करडाला हात लावून तसंच घरात शिरलं की ती आतून ओरडे, "पहले हाथ!" आजही त्या घरात ती वडी टांगलेली आहे. शेळी आता सुनेची आहे.